आजारी आजी घरातून निघून गेली तर : हद्दीवरच्या गावांसाठी

झाईची खाडी ओलांडली की गुजरात. बाजाराला उंबरगाव, कामाला उंबरगावची जीआयडीसी, मोठ्या दुखण्याला वापी किंवा वलसाड, आणि मुलगी दिलेली नारगोलला. इथल्या माणसाचा दिवस दोन राज्यांत जातो. १ मे १९६० रोजी राज्यं वेगळी झाली आणि उंबरगाव गुजरातेत गेलं, पण सोयरीक तुटली नाही. एरवी या हद्दीचं कुणाला काही वाटतही नाही. घरातली आजारी म्हातारी बाई न सांगता बाहेर पडली आणि दिवेलागणीपर्यंत परतली नाही, तर मात्र हीच हद्द आडवी येते. बाई चालत चालत सहज दुसऱ्या राज्यात पोचते, तिची नोंद आपोआप पोचत नाही. अलीकडच्या पोलीस ठाण्यात तिचं नाव ‘बेपत्ता’ म्हणून लिहिलेलं असतं आणि पलीकडच्या रुग्णालयात तीच बाई ‘अनोळखी महिला, वय अंदाजे ७०’ म्हणून खाटेवर असू शकते. दोन्ही कागद खरे असतात, पण त्यांची गाठ पडत नाही.

ती गाठ घरच्यांनीच घालून द्यावी लागते, आणि तीही पहिल्याच दिवशी. डहाणू-तलासरी पट्ट्यातल्या घरांनी त्यासाठी काय करायचं, ते इथे क्रमाने मांडलं आहे.

पहिला तास : घर, वाडी, पाणी

विसराळूपणाचा आजार, म्हणजे डिमेन्शिया झालेलं माणूस बहुतेक वेळा घरापासून फार लांब गेलेलं नसतं. ते सरळ चालत राहतं आणि कुंपण, ओढा, झुडूप असं काही आडवं आलं की तिथेच अडकून बसतं. हाका मारल्या तरी ओ देईलच असं नाही. म्हणून नुसत्या हाका मारत रस्त्याने फिरू नका, पाहत फिरा. घरातला माळा, न्हाणीघर, मागची पडवी आणि शेजारची बंद घरं आधी बघा. मग चिकूच्या वाड्या, त्यांतल्या विहिरी, पाटाची गटारं, सुरूची झाडी, बोंबील वाळवायच्या वलांड्यांमागची जागा आणि बंदरावर ओढून ठेवलेल्या होड्यांच्या आतली बाजू. चार-चार जणांच्या टोळ्या करून वाड्या वाटून घ्या. एक माणूस मात्र घरीच, फोनजवळ थांबला पाहिजे, कारण पुष्कळदा माणूस आपल्या पायांनी परत येतं आणि तेव्हा घराला कुलूप असतं.

आमच्या किनाऱ्याची एक गोष्ट विसरून चालत नाही. बोर्डी-झाईला ओहोटीत पाणी फार आत जातं. म्हातारं माणूस चिखलातून लांबवर चालत जातं आणि भरती लागली की त्याला परतीची वाट राहत नाही. बाई किनाऱ्याकडे गेल्याचं कुणी सांगितलं तर भरतीची वेळ विचारून तो भाग सर्वांत आधी पाहा. बंदरावर तांडेलांना आणि मच्छीमार सोसायटीला लगेच कळवा, म्हणजे समुद्रात असलेल्या बोटींना वायरलेसवरून निरोप जाईल. सागरी पोलिसांचा क्रमांक १०९३ आणि तटरक्षक दलाचा १५५४.

दुसरी गोष्ट माहेरची. आठवण मागे सरकलेली बाई ‘घरी जाते’ म्हणते तेव्हा तिच्या मनातलं घर हे नसतं. तिला लहानपणीचं घर आठवत असतं, आई वाट बघत असेल असं वाटत असतं. तिचं माहेर कुठलं, त्या काळी तिकडे जायची वाट कुठून होती, ती कुठल्या वाडीत मजुरीला जायची, कुठल्या बाजारात मासळी विकायला बसायची, हे घरातल्या सर्वांत वयस्क माणसाला विचारा. नवा रस्ता होण्याआधीच्या पायवाटेवरही माणूस पाठवा.

भगताकडे कौल लावायचा असेल तर घरातला एखादा जण जाईल. बाकीच्यांनी शोध थांबवू नये.

पोलिसांकडे : चोवीस तास थांबायचं नाही

‘चोवीस तास वाट बघा, येईल’ हे वाक्य गावात सर्रास ऐकू येतं. असा कुठलाही नियम नाही. तास-दीड तासात आसपास सापडली नाही की ११२ वर फोन करा आणि ठाण्यात जा. झाई-बोर्डीकडच्यांना घोलवड पोलीस ठाणं, तलासरीच्या आतल्या गावांना तलासरीचं. तिथे ‘मनुष्य मिसिंग’ची नोंद होते. नोंदीचा क्रमांक, तारीख, वेळ आणि चौकशी करणाऱ्या अंमलदाराचं नाव व मोबाइल लिहून घेतल्याशिवाय उठू नका. पुढे प्रत्येक दारात हाच क्रमांक विचारला जातो.

तक्रार लिहिताना ‘आई हरवली आहे’ एवढ्यावर थांबू नका. आजार स्पष्ट लिहा. मधुमेह आहे, इन्सुलिन चालू आहे, फिट येते, हृदयाची गोळी चुकली तर जिवाला धोका आहे, हे लिहिलं की चौकशी करणाऱ्याला घाई किती आहे ते कळतं. ‘काल चांगली बोलत होती, आज सकाळपासून बरळत होती’ असं असेल तर तेही लिहा. म्हाताऱ्या माणसाच्या अंगातलं सोडियम कमी झालं, साखर उतरली किंवा लघवीचा संसर्ग वाढला, तरी असा भ्रम होतो. तो उपचाराने उतरतो. म्हणजे ही बाई वेडी नाही, तिला डॉक्टरची गरज आहे, हे शोधणाऱ्यांना कळलं पाहिजे.

वर्णन करताना अंगावर कायम राहणाऱ्या खुणा आधी लिहा, कारण साडी बदलते. हातावरचं, कपाळावरचं गोंदण नेमकं कसं आहे, मोतीबिंदूचं ऑपरेशन कुठल्या डोळ्याचं झालं, कुठले दात नाहीत, कुठल्या पायाने लंगडते, पोटावर टाके आहेत का. ती कुठली बोली बोलते हेही लिहा : वारली, मांगेली, दावरी, गुजराती की मराठी. घरात तिला काय म्हणतात, माहेरचं नाव काय होतं, हेही हवं. आधार कार्डावरचं नाव तिला स्वतःला आठवेलच असं नाही.

तिला कुणी पळवलं, मारहाण केली किंवा मालमत्तेसाठी गायब केलं असा संशय असेल तर तो लेखी द्या. तेव्हा प्रकरण नुसत्या मिसिंगचं राहत नाही, गुन्ह्याचं होतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असला तरी खबर कुठल्याही ठाण्यात देता येते. हद्दीवरच्या गावाला हे फार कामाचं कलम आहे. ठाण्यात गुन्हा घेतला नाही तर पालघरच्या पोलीस अधीक्षकांना टपालाने लेखी कळवता येतं आणि त्यानंतर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. कुणी डांबून ठेवल्याचा संशय असेल तर उच्च न्यायालयात हेबियस कॉर्पसचा अर्ज करता येतो.

त्याच दिवशी हद्दीपलीकडे

तलासरी तालुक्याला एका बाजूला गुजरात आणि दुसऱ्या बाजूला दादरा-नगर हवेली लागून आहे. तीन सरकारं, तीन पोलीस दलं. म्हणून ठाण्यात तीन गोष्टी मागून घ्या. वलसाड जिल्ह्याच्या पोलिसांना बिनतारी संदेश, सिल्वासाच्या पोलिसांना बिनतारी संदेश, आणि लोहमार्ग पोलिसांना खबर. संदेश गेला का, किती वाजता गेला, हे विचारून घ्या.

त्यावर भिस्त ठेवून बसू नका. घरातले दोघे जण मिसिंगच्या नोंदीची प्रत घेऊन त्याच दिवशी उंबरगाव पोलीस ठाण्यात जाऊ द्या. सोबत गुजराती वाचता-बोलता येणारं माणूस असावं. तिथे फोटो आणि फोन नंबर देऊन या.

रेल्वेकडे वेगळं बघावं लागतं. घोलवड हे या मार्गावरचं महाराष्ट्राचं शेवटचं स्टेशन, पुढचं उंबरगाव रोड गुजरातेत. बाई मेमूत बसली तर काही तासांत एका बाजूला सुरत, दुसऱ्या बाजूला विरार गाठते. डहाणू रोडहून तर २०१३ पासून मुंबईची लोकल आहे. रेल्वेचा मदत क्रमांक १३९. घोलवड, डहाणू रोड, उंबरगाव रोड आणि संजाण या स्टेशनांवर जाऊन स्टेशन मास्तर, आरपीएफ, तिकीट खिडकी आणि बाहेरचे रिक्षावाले यांना फोटो दाखवा.

त्यानंतर दवाखाने. तलासरीचं ग्रामीण रुग्णालय, डहाणूचं उपजिल्हा रुग्णालय, वापी आणि वलसाडची सरकारी रुग्णालयं, सिल्वासाचं विनोबा भावे सिव्हिल हॉस्पिटल. ‘या नावाची बाई आली आहे का’ असं विचारलं की उत्तर ‘नाही’ असंच येतं, कारण तिचं नाव कुणालाच माहीत नसतं. ‘गेल्या दोन-तीन दिवसांत अनोळखी म्हणून दाखल झालेली वयस्क बाई आहे का’ असं विचारा आणि वॉर्डात जाऊन डोळ्यांनी बघा. १०८ रुग्णवाहिकेने रस्त्यावरून कुणाला उचललं का, हेही विचारा.

शवागारात जायला पाय उचलत नाहीत. पण ते टाळू नका. बेवारस मृतदेह फार दिवस ठेवत नाहीत. पोलिसांकडे ‘अकस्मात मृत्यू’ची नोंद आणि मृतदेहाचे फोटो असतात. हे काम मुलगा-सून यांच्याऐवजी चुलत्याने किंवा शेजाऱ्याने केलं तरी चालतं, खुणा माहीत असलेलं माणूस हवं. समुद्रात गेल्याची शंका असेल तर उत्तरेला नारगोल आणि दक्षिणेला चिंचणी-तारापूरपर्यंतच्या किनाऱ्यावर कळवून ठेवा.

पेट्रोल पंप, बाजार, स्टेशन आणि हायवेवरचा अच्छाड नाका इथे कॅमेरे असतात. त्यांचं चित्रण काही दिवसांत आपोआप पुसलं जातं, म्हणून ते जपून ठेवायची विनंती पोलिसांमार्फत पहिल्या दोन दिवसांतच करा. तिच्याजवळ मोबाइल असेल तर तो बंद लागला तरी सिम चालू ठेवा, रिचार्ज संपू देऊ नका. इथला मोबाइल कधी गुजरातचा टॉवर पकडतो, ते पोलिसांच्या कानावर घाला.

पत्रक आणि अफवा

पत्रकावर गेल्या काही महिन्यांतला फोटो हवा. दहा वर्षांपूर्वीच्या लग्नातला, दागिने घातलेला, गाल भरलेला फोटो लोकांना ओळख पटवत नाही. मजकूर मराठी, गुजराती आणि हिंदी अशा तिन्ही भाषांत ठेवा. दोन फोन नंबर, पोलीस ठाण्याचं नाव, मिसिंगची तारीख. एक ठळक खूण मात्र पत्रकात छापू नका, ती घरच्यांनाच माहीत असू द्या. ‘तुमची आई आमच्याकडे आहे, आधी पैसे पाठवा’ असे फोन हमखास येतात. तेव्हा ती खूण विचारायची आणि व्हिडिओ कॉलवर चेहरा दाखवा म्हणायचं. पैसे पाठवायचे नाहीत, नंबर पोलिसांना द्यायचा.

व्हॉट्सअॅपवर पाठवताना ‘कुणीतरी पळवलं’, ‘टोळी आली आहे’ अशी आपल्या मनातली भर घालू नका. आपल्याच डहाणू तालुक्यात गडचिंचले इथे १६ एप्रिल २०२० रोजी अफवेमुळे जमलेल्या जमावाने तीन निरपराध वाटसरूंचा जीव घेतला. तुमची आई आज जिथे कुठे फिरत असेल, तिथल्या लोकांना ती अनोळखीच आहे. भ्रमात ती कुणाच्या अंगणात शिरेल, कुणाच्या लेकराच्या डोक्यावरून हात फिरवेल. अफवा पसरलेल्या गावात हे तिच्या जिवावर बेतू शकतं. म्हणून निरोप नेमका आणि शांत ठेवा. ती सापडली की ‘सापडली’ हा निरोपही सगळीकडे पाठवा.

आठवडा उलटला, तरी

पहिले आठ दिवस गाव सोबत असतं. मग ज्याचा त्याचा संसार सुरू होतो आणि शोध एका-दोघांवर येतो. खरी कसोटी इथून पुढे असते. या वेळी एक खरी घडलेली गोष्ट मनाशी धरून ठेवावी.

अमरावती जिल्ह्यातल्या अचलपूर-परतवाडा भागातली एक बाई १९७९-८० च्या सुमारास नागपुरात मानसिक उपचारांसाठी आणलेली असताना बाहेर पडली आणि हरवली. घरच्यांनी शोधलं, ती मिळाली नाही. मध्य प्रदेशातल्या दमोह जिल्ह्यात एका ट्रकचालकाला ती रस्त्याच्या कडेला, मधमाश्यांनी चावलेल्या अवस्थेत दिसली. त्याने तिला घरी नेलं. ती मराठी बोलायची, त्या गावात कुणाला ते नीट कळायचं नाही. त्या मुस्लिम कुटुंबाने तिला मावशी म्हणून चाळीस वर्षं सांभाळलं. २०२० च्या मे महिन्यात, टाळेबंदीत घरी बसलेल्या त्या ट्रकचालकाच्या मुलाने तिला पुन्हा एकदा गावाचं नाव विचारलं आणि तिच्या तोंडून ‘खानजमा नगर’ असं नाव निघालं. त्याने ते इंटरनेटवर शोधलं, त्या भागातल्या एका दुकानदाराला फोन लावला. दुकानदाराने तिचा व्हिडिओ समाजाच्या गटावर टाकला आणि त्याच दिवशी ओळख पटली. जूनमध्ये नातू तिला न्यायला गेला. तिने नव्वदी ओलांडली होती. तिचा मुलगा मात्र तोवर वारला होता.

नाव विसरलं, वय विसरलं, पण वस्तीचं नाव तिच्या मनात टिकलं. म्हणून पत्रकावर नुसतं ‘जि. पालघर’ लिहून भागत नाही. पाड्याचं नाव, देवळाचं नाव, माहेरच्या गावाचं नाव लिहा. ती बोलताना जी नावं घेते तीच दुसऱ्या टोकाच्या माणसाच्या कानावर पडणार आहेत.

दुसरा धडा असा की अशी माणसं जवळपासच मिळतील असं नाही. रस्त्यावर फिरणाऱ्या मनोरुग्णांना उपचार देऊन घरी पोचवणारी कर्जतची श्रद्धा पुनर्वसन संस्था, जिच्या कामासाठी डॉ. भरत वाटवानी यांना २०१८ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला, दूरदूरच्या राज्यांतल्या घरांपर्यंत माणसं नेऊन सोडते. निराधार मनोरुग्ण स्त्रियांसाठी अहिल्यानगरला डॉ. राजेंद्र आणि डॉ. सुचेता धामणे यांचं माउली सेवा प्रतिष्ठान आहे. ठाण्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय, या संस्था आणि गुजरातमधले वृद्धाश्रम-सेवाश्रम यांना फोटोसह पत्रं पाठवा, आणि काही महिन्यांनी पुन्हा पाठवा. आज नसलेली बाई सहा महिन्यांनी तिथे आणली गेलेली असू शकते.

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ चं कलम १०० लक्षात ठेवा. मानसिक आजार असलेलं बेघर माणूस फिरताना आढळलं तर त्याची मिसिंग म्हणून नोंद करणं आणि घरच्यांचा शोध घेणं, हे त्या ठाण्याच्या अधिकाऱ्याचं कर्तव्य आहे. म्हणजे दुसऱ्या टोकालाही तिची एक नोंद असायला हवी. महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर हरवलेल्या व्यक्ती आणि अनोळखी मृतदेह यांची माहिती पाहता येते. गावातल्या कॉलेजच्या मुलाला महिन्यातून एकदा ती बघायला सांगा. मृतदेहाची शंका असेल तर मुलाच्या किंवा मुलीच्या रक्ताचा नमुना डीएनए तपासणीसाठी घ्यावा, असा अर्ज पोलिसांकडे द्या.

आधारचाही उपयोग होतो. २०२१ मध्ये नागपुरात एका हरवलेल्या मुलाचं नवं आधार काढायला गेले तेव्हा त्याचे ठसे आधीच नोंदवलेले निघाले आणि त्याचं जबलपूरचं घर सापडलं. आजीच्या आधारला घरातला चालू मोबाइल जोडलेला असेल तर ते कुठे वापरलं गेलं याची अलीकडच्या महिन्यांची यादी ओटीपी टाकून बघता येते.

वर्षं लोटली, तर कागदपत्रांचं काय

सात वर्षं माणसाची काहीच खबर नसेल तर भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम १११ प्रमाणे न्यायालयात मृत्यूचं अनुमान मागता येतं. ते आपोआप होत नाही, दावा करावा लागतो. त्यासाठी मिसिंगची नोंद आणि ‘शोध लागला नाही’ असा पोलिसांचा दाखला लागतो. सुरुवातीला नोंदच केली नसेल तर सात वर्षांनी मोठी अडचण होते.

विमा असेल तर हप्ते बंद करू नका. एलआयसी विरुद्ध अनुराधा या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये स्पष्ट केलं की माणूस हरवलं त्याच दिवशी वारलं असं धरता येत नाही. मधल्या काळात पॉलिसी बंद पडली तर घरच्यांच्या हाती काही लागत नाही. बँकेतली रक्कम लहान असेल तर बँका ठरावीक मर्यादेपर्यंत पोलीस कागदपत्रं आणि हमीपत्र घेऊन ती वारसांना देऊ शकतात, शाखेत लेखी विचारा. श्रावणबाळ किंवा संजय गांधी योजनेचे पैसे तिच्या खात्यात येत असतील तर ती बेपत्ता असल्याचं तहसील कार्यालयाला लेखी कळवा. तिच्या नावाने ते काढत राहिलात तर उद्या तुमच्या शोधावरच संशय येतो.

मनाचा कागद कुठल्याच कचेरीत होत नाही. सुतक नाही, दिवस नाहीत, सण करावा तरी कसा, हे घर अधांतरी राहतं. आणि दोष बहुधा सुनेच्या माथी येतो : ‘तुझं लक्ष कुठे होतं?’ आपण पाणी आणायला गेलो तर तेवढ्या दोन मिनिटांतही भ्रमातलं माणूस निघून जातं. घरातल्या मोठ्यांनी हे सगळ्यांसमोर एकदा बोलून टाकावं. झोप उडाली, जेवण सुटलं तर टेलिमानसच्या १४४१६ वर मोफत बोलता येतं.

आजच करून ठेवण्यासारखं

घरात विसराळू किंवा वारंवार भ्रम होणारं माणूस असेल तर एका कागदावर ताजा फोटो, खुणा, औषधं, बोली, माहेर आणि ती घेते ती नावं लिहून ठेवा आणि मोबाइलमध्येही ठेवा. ब्लाउजच्या आतल्या बाजूला किंवा परकराच्या नेफ्याला फोन नंबर शिवा. पिशवी हरवते, अंगावरचं कापड राहतं. गळ्यातल्या माळेत नंबराचा बिल्लाही चालेल. २०२३ मध्ये वरळीतून हरवलेला एक मुलगा गळ्यातल्या क्यूआर कोडच्या लॉकेटमुळे कुलाब्यात सापडला. दाराला वरच्या बाजूला कडी आणि एक घुंगरू लावा. माणसाला आत कोंडून मात्र ठेवू नका, आग लागली तर तेच घातक ठरतं. चैत्रात महालक्ष्मीच्या जत्रेला नेताना नंबर असलेला बिल्ला तपासूनच निघा. बंदरावरच्या दुकानदाराला, रिक्षा स्टँडला आणि शाळेच्या मावशींना आधीच सांगून ठेवा की ही एकटी दिसली तर थांबवा आणि फोन करा.

अनोळखी आजी तुमच्या दारात आली तर

हा लेख वाचणाऱ्या बहुतेकांच्या घरातलं माणूस कधीच हरवणार नाही. पण कुणाचं तरी हरवलेलं माणूस त्यांच्या दारात येऊ शकतं. तेव्हा घेराव घालू नका, फोटोंचा भडिमार करू नका. सावलीत बसवा, पाणी द्या, आणि ती बरळत असेल तर १०८ ला फोन करा. ‘नाव काय, गाव काय’ असा मारा करण्यापेक्षा ‘माहेर कुठलं?’, ‘घराजवळ कुठलं देऊळ?’, ‘जत्रा कुठली?’ असं तिच्याच बोलीत विचारा. बोली कळत नसेल तर ती कळणारं माणूस शोधून आणा, या पट्ट्यात ते दोन घरांपलीकडे मिळतं. ती जे बोलेल ते तसंच मोबाइलवर रेकॉर्ड करा. ११२ वर किंवा ज्येष्ठांसाठीच्या १४५६७ वर कळवा. ठाण्यात नेऊन सोडलंत तरी नोंदीचा क्रमांक मागा, आणि हद्दीपलीकडच्या ठाण्यालाही एक फोन करा. तिचे घरचे कदाचित तिथेच बसून असतील.